सही करू नका, जगाला धोका आहे

मंगळवारी तिसऱ्यांदा माझ्या स्वयंपाकघरात नालीचं पाणी शिरलं. कणकेचा डबा तरंगत दारापर्यंत आला.

ग्वाल्हेरातल्या आमच्या गल्लीत एका बाजूला चर्चची भिंत, दुसऱ्या बाजूला मशिदीची, मधे तुंबलेली नाली. अर्ज एक, सह्या दोन हव्यात, चर्चची आणि मशिदीची. पावसाळा सरत आला, सही एकही नाही. तेव्हा ख्रिस्ती आणि मुस्लिम शेजाऱ्यांनी एकत्र कसं येऊ नये, यावर माझा आता चांगला अभ्यास झालाय. लिहून घ्या.

नालीचं नाव निघताच श्रीलंका काढा. मी अर्ज पुढे केला तर चर्चकमिटीतले मास्टरसाहेब (मूळचे नगरकडचे, माणूस भला) म्हणाले, “वहिनी, २०१९ चा ईस्टर विसरलात? इस्लामी अतिरेक्यांनी चर्चमध्ये, हॉटेलांत बॉम्ब फोडले, अडीचशेच्या वर माणसं गेली!” नाही विसरले. पण त्या सकाळी मशिदीकडचे आमचे हाजीसाहेब कोलंबोत नव्हते हो, नळावर होते, रोजच्यासारखे माझ्या आधी नंबर लावून. आणि श्रीलंका काढताच आहात तर सगळी काढा. त्या स्फोटांच्या सूत्रधाराबद्दल तिथल्या मुस्लिमांनीच सरकारी लोकांना आधी सावध केलं होतं. ऐकलं नाही कोणी. म्हणजे ज्यांच्याकडून खबर मिळायची, त्यांच्याशीच बोलणं बंद ठेवायचं. वा! सुरक्षेची ही तऱ्हा मला फार आवडली.

हाजीसाहेबही कमी नाहीत. “भाभीजी, ये लोग पहले मदद करते हैं, फिर बायबल पकड़ाते हैं।” नालीच्या अर्जातून बायबल कसं निघणार, ते विचारू नका.

नायजेरियात ख्रिस्त्यांवर हल्ला झाला की कोपऱ्यावरच्या मुस्लिम शिंप्याकडून लेखी निषेध मागा.

समोरून शेवया आल्या तर शुगर आहे म्हणा. केक आला तरी तेच.

मोठ्यांचं अनुकरण तर मुळीच नको. २००७ मध्ये १३८ मुस्लिम विद्वानांनी ख्रिस्ती धर्मगुरूंना सलोख्याचं पत्र लिहिलं. २०१९ च्या फेब्रुवारीत पोप फ्रान्सिस आणि इजिप्तमधल्या अल-अझहर मशिदीचे मुख्य इमाम अहमद अल-तय्यब यांनी अबू धाबीत मानवी बंधुत्वाच्या कागदावर सह्या केल्या. त्यांचं काय जातंय, त्यांच्या कणकेत पाणी शिरत नाही.

आपण मराठी मंडळींनी मधे पडूच नये. शेजारचे अण्णा मला म्हणाले, “दोघं एक झाले तर आपलं काय?” हेच अण्णा दर डिसेंबरात तानसेन समारोहाला सूफी संत मोहम्मद गौसच्या मकबऱ्यापाशी जातात, हिंदूंची हरिकथा आणि मुस्लिमांचा मिलाद दोन्ही ऐकून डोळे पुसतात. घरी येईपर्यंत डोळे कोरडे.

जाऊ दे, नाही जमत मला हे तिरकं बोलणं. भीती खोटी आहे असं कोण म्हणतंय? २०१५ च्या डिसेंबरात केनियात मंडेराकडे जाणारी बस अल-शबाब या अतिरेकी संघटनेच्या बंदूकवाल्यांनी अडवली. ख्रिस्ती वेगळे काढा म्हणाले. मुस्लिम प्रवासी हलले नाहीत. बायकांनी आपले हिजाब ख्रिस्ती बायकांना दिले. सलाह फराह नावाच्या मुस्लिम शिक्षकाला गोळी लागली, पुढच्या महिन्यात तो गेला. त्यांच्यापुढे बंदुका होत्या. तुमच्यापुढे पेन आहे!

हाजीसाहेब, तुमच्या नातवाला डेंग्यू झाला तेव्हा रात्रभर सलाईन कोणी पाहिली? मास्टरसाहेबांच्या मुलीनं. आणि मास्टरसाहेब, ह्याच नालीचं तुंबलेलं पाणी उद्या तुमच्या घरी येईल. लाज वाटू द्या दोघांनी.

सकाळी आठला अर्ज घेऊन येतेय. सही झाली नाही तर बादलीनं ते पाणी दोघांच्या अंगणात ओतीन, निम्मंनिम्मं.