तीस दिवस भिंतीवर

आज दुपारी साडेतीनला माहेरच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो आला. एरवी तिथे गुलाबाची फुलं, सुविचार आणि कुणाच्या तरी दशक्रियेची सूचना, याउपर काही नसतं. मी उघडलाही नसता. पण खाली एका चुलतभावाने हसण्याचे चार इमोजी टाकले होते, म्हणून बघितला.

माझ्या भाचीच्या लग्नाची नोटीस. नाव, वय, व्यवसाय, पुण्याचा पत्ता, कायमचा पत्ता. शेजारी मुलाचंही सगळं तसंच. कोपऱ्यातली गंजलेली टाचणीसुद्धा दिसत होती, इतक्या जवळून काढलाय फोटो.

पोरगी २७ वर्षांची. स्वतःचं घरभाडं स्वतः भरते. रजिस्टर लग्न करायचं ठरवलं, त्यासाठी आठ दिवसांपूर्वी रीतसर नोटीस दिली. पुण्यात दिली, मग गावात कशी उगवली? तर रजिस्टर लग्नाच्या, म्हणजे विशेष विवाह कायद्यातच तसं आहे. तुमचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल तर नोटिशीची एक प्रत तिकडच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाते आणि तिकडच्या भिंतीवरही लागते. म्हणजे ज्या गावाला कळू नये म्हणून माणूस शहरात येऊन लग्न करतो, त्याच गावाला सरकार स्वतःच्या खर्चाने कळवतं.

मुलगा कोण, कुठला, हे लिहीत नाही. त्या दोघांना आळंदीचा रस्ता बंद आहे एवढं सांगते. समजून घ्या.

आळंदीवरून आठवलं. १९९३ साली आम्हालाही मित्रांनी हेच सांगितलं होतं. "कशाला रजिस्टरच्या भानगडीत पडता? आळंदीला जा, दोन हार घ्या, संध्याकाळच्या एसटीने परत या." आमची जात वेगळी होती, धर्म एकच, त्यामुळे सहज जमलं असतं. पण आम्हाला ना मंत्र हवे होते ना अक्षता. संविधानावर लग्न करायचं होतं! (चोवीस वर्षांची होते मी. तेव्हा असंच बोलायचो.)

म्हणून आम्हीही रजिस्टर ऑफिसात नोटीस दिली. त्या ऑफिसात लोक जमिनीच्या खरेदीखतासाठी यायचे. तासन् तास बाकावर बसायचे आणि बाकाच्या बरोब्बर वर जाळीच्या दाराचा फलक. वाचायला दुसरं काय होतं त्यांना? नवव्या दिवशी तिथलेच एक स्टँप व्हेंडर आमच्या घरी चहाला आले आणि अण्णांना म्हणाले, "मास्तर, अभिनंदन करायचं की नाही?"

कबूल करते, मी घरी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं, असं आज वाटतं. पण ते कधी सांगायचं, कसं सांगायचं, आधी आईला की आधी अण्णांना, हे माझं मला ठरवू द्यायला हवं होतं की नाही? ती गोष्ट एका भिंतीने सांगून टाकली.

आता कुणीतरी वकील मित्र येईलच सांगायला की नोटीस कशी गरजेची आहे. एखादा आधीच लग्न झालेला बाप्या फसवून दुसरं लग्न करायला निघाला तर नोटिशीमुळे सापडतो. बरं, सापडत असेल. मग हीच काळजी मांडवातल्या लग्नाची का नाही? हिंदू विवाह कायदा १९५५ चा, विशेष विवाह कायदा १९५४ चा. दोन्ही एकाच लोकसभेने केले. एकात गुरुजी, सप्तपदी, संपलं, आधी कुणाला विचारायचं नाही. दुसऱ्यात तीस दिवस भिंतीवर टांगून घ्या, येईल त्या कुणीही नोटिशीची वही फुकट चाळावी आणि वाटल्यास हरकत घ्यावी. कुणीही म्हणजे कुणीही! नातं लागत नाही, ओळख लागत नाही. फसवणारे काय फक्त रजिस्टरच करतात?

आणि हरकत खोटी निघाली तर? अधिकाऱ्याला ती प्रामाणिक हेतूने घेतलेली वाटली नाही, तर तो हरकत घेणाऱ्याला खर्च भरायला लावू शकतो. जास्तीत जास्त एक हजार रुपये. १९५४ पासून हजारच. दुसऱ्याचं आयुष्य अडवायचा हा भाव. गल्लीतल्या गणपतीची वर्गणी याहून जास्त असते हो.

आमच्या वेळी हरकत आली. अण्णांनीच घेतली.

मुलगी जातीबाहेर लग्न करतेय म्हणून हरकत घेता येत नाही हे त्यांना त्या स्टँप व्हेंडरने नीट समजावलं असणार. कारणं कायद्यात ठरलेली आहेत: आधीचा नवरा किंवा बायको हयात आहे, वय कमी आहे, दोघांचं नातं फार जवळचं आहे, नाहीतर मन ठिकाणावर नाही. अण्णांनी शेवटचं निवडलं. साध्या कागदावर, त्यांच्या त्या सुंदर मोडी वळणाच्या अक्षरात, "सदर मुलीच्या डोक्यावर परिणाम झालेला असून..."

अधिकाऱ्याने ते माझ्यासमोर मोठ्याने वाचलं. मी तेव्हा अकरावी-बारावीला गणित शिकवत होते. त्यांनी मला विचारलं, आज वार कोणता. मी सांगितलं, बुधवार. मग विचारलं, तुम्ही काय शिकवता. मी म्हटलं, समाकलन. ते थोडं हसले आणि एकदम गप्प झाले, कारण अण्णा समोरच बसले होते. मांडीवर फाईल. फाईलमधून त्यांनी पुरावा काढला, टीवायच्या परीक्षेच्या वेळी मला आठवडाभर झोप लागत नव्हती तेव्हाची डॉक्टरांची चिठ्ठी. झोपेच्या गोळ्या, पाच दिवस.

त्या डॉक्टरकडे मला त्यांनीच सायकलवर डबलसीट नेलं होतं. पावसात.

जाऊ दे.

नाही, जाऊ नाही द्यायचं. याच गोष्टीचा मला अजून राग येतो. अण्णा वाईट नव्हते. गावासमोर मान खाली गेलेला माणूस होते आणि कायद्याने त्यांच्या हातात आयतं हत्यार ठेवलं होतं. ते हत्यार नसतं तर चार महिने रुसले असते, नातू झाल्यावर आले असते. तसे आलेही. पण मुलीला वेडी ठरवणारा अर्ज सहीनिशी सरकारदरबारी देऊन मग आले. त्या अर्जाविषयी आम्ही दोघं पुढे कधीच एक अक्षर बोललो नाही.

आणि माझं तर स्वस्तात सुटलं. कुणाकुणाच्या नोटिशीनंतर काय काय होतं हे मी तुम्हाला सांगायला नको, पेपर तुम्हीही वाचता.

न्यायालयांनी बोलायचं ते बोलून झालंय. २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०१८ ला सांगितलं, दोन सज्ञान माणसांच्या लग्नाला घरच्यांची, जातीची परवानगी लागत नाही. जानेवारी २०२१ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने तर नोटीस लावायची की नाही हे जोडप्यानेच ठरवावं असं म्हटलं. छानच. पण पोरगी खिडकीशी गेली तर तिच्या हातात फॉर्म आला, त्यात कायमच्या पत्त्याचा रकाना होता आणि तो तिने प्रामाणिकपणे भरला. खोटं लिहिणं जमत नाही तिला, आमच्याच घरची आहे.

आपल्या राज्याची गंमत तर वेगळीच. जोडप्यातलं एक जण मागास प्रवर्गातलं असेल तर आंतरजातीय लग्नाला ५० हजारांचं अनुदान आणि फोटोला पुष्पगुच्छ. दुसरीकडे डिसेंबर २०२२ मध्ये अशाच लग्नांची माहिती गोळा करायला समिती नेमली, ओरड झाल्यावर आंतरजातीय शब्द काढला आणि आंतरधर्मीय तेवढा ठेवला. जाती मोडायच्या तर रोटी नाही, बेटीव्यवहार हवा, हे बाबासाहेब १९३६ सालीच लिहून गेले. आम्ही त्यांचा फोटो त्याच ऑफिसात लावतो. फलकाच्या शेजारी.

हे लिहिता लिहिता ताईचा फोन आला. मला वाटलं रडेल. नाही. म्हणाली, "तुला माहीत होतं ना?" मी म्हटलं, हो. बराच वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "मुलगा जेवायला काय खातो?"

मला हसू आलं आणि डोळेही भरले. ताईला तीस दिवस लागले नाहीत, साडेतीन तास लागले. पण ते तिचे तिला मिळायला हवे होते, ग्रुपवरच्या हसण्याच्या इमोजींसकट नव्हे.

अजून बावीस दिवस आहेत. भाचीच्या घरमालकांना सकाळपासून दोन अनोळखी फोन येऊन गेलेत, त्यामुळे ती आज रात्रीपासून माझ्याकडे. मुलगा त्याच्या मित्राकडे. लग्नाच्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. मी आहे, आमचे हे आहेत, तिसऱ्या जागेसाठी ताईला अजून विचारलेलं नाही.

चुलतभाऊ या पोस्टला टॅग केलेला आहे. फोटो काढ म्हणावं ग्रुपवरून.

आणि कमेंटमध्ये मुलाचं नाव विचारू नका. विचारलंत तर उडवेन, मग रुसू नका.