उभ्याउभ्या रोम

नाशिककराला पायरी दिसली की तो बसतो. गंगेवर गेलेला माणूस रामकुंडापासून गाडगे महाराज पुलापर्यंत कुठल्या ना कुठल्या पायरीवर टेकतो, शेंगा फोडतो, आणि त्याला तिथून उठवण्याचा अधिकार फक्त पुराच्या पाण्याला असतो. अशा संस्कारांत वाढलेल्या आम्हा चौघांना एका दिवसात रोम पाहायचे होते, आणि दुपार होईपर्यंत आमच्यापुढे टेकायचे कुठे हा एकच प्रश्न उरला होता.

दिवसाचा तक्ता मेव्हण्यांनी आखला होता. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसाच्या तक्त्यात विश्रांतीचा रकाना नसावा याचे मला आश्चर्य वाटले. त्यात साल होते 2025, म्हणजे कॅथलिकांचे साधारण पंचवीस वर्षांनी येणारे पवित्र वर्ष. जगभरातल्या यात्रेकरूंचे ते लोंढे पाहून वहिनी एवढेच म्हणाल्या, “आपला सिंहस्थ यायचाय अजून, तोवर यांचा गाठला.”

कोलोसियमकडून माझ्या फार अपेक्षा होत्या. इ. स. 80 मध्ये खुली झालेली ही वास्तू पन्नासेक हजार माणसांनी बसावे म्हणूनच बांधली होती. कोणी कुठे बसायचे हे मानमरातबाप्रमाणे ठरलेले असे आणि कमानींवर क्रमांकही कोरलेले असत. परंतु बैठकीचा संगमरवर पुढच्या शतकांत लोकांनी आपापल्या बांधकामांसाठी उचलून नेला, त्यामुळे आज तिकीट काढून आत गेलेला माणूस एके काळी बसायच्या असलेल्या जागा उभ्याने पाहून बाहेर पडतो. बाहेर पडल्यावर पुन्हा काळ्या बसाल्टच्या ठोकळ्यांची फरसबंदी सुरू होते. काळा पाषाण आम्हाला काळाराम मंदिरामुळे पूज्य आहे; पण तो असा दिवसभर टाचांना लागला की भक्ती कमी होते.

मग कॉफी पिण्याचे ठरले. तिथे दरफलकावर एकाच कॉफीचे दोन भाव होते, काउंटरशी उभे राहून प्यायचा एक आणि खुर्चीत बसून प्यायचा त्याच्या काही पटींनी जास्त. मेव्हण्यांनी मनातल्या मनात रुपये केले आणि “दाजी, उभ्यानेच घेऊ, पचनाला बरी असते,” असा वैद्यकीय निर्णय दिला. सौभाग्यवतींनी “दादा, तू पी,” म्हणून रिकाम्या खुर्चीकडे ज्या नजरेने पाहिले, त्या नजरेने तिने पैठणीकडेही कधी पाहिलेले नाही.

आणि अखेर स्पॅनिश स्टेप्स आल्या. 1725 साली पुऱ्या झालेल्या, शंभराहून अधिक, रुंद, स्वच्छ, उन्हात तापलेल्या पायऱ्या! वहिनींनी पिशवीतून चिवड्याचा डबा काढला, सौभाग्यवतींनी रुमाल अंथरला, आणि आम्ही जेमतेम वाकलो असू तोच शिट्टी वाजली. गणवेशातला एक गृहस्थ हात हलवत आमच्याकडे येत होता. या पायऱ्यांवर बसायला 2019 पासून बंदी आहे आणि दंड 400 युरोंपर्यंत, म्हणजे चाळीस हजार रुपयांच्या आसपास होऊ शकतो, हे आम्हाला तिथे कळले. स्मारके जपली पाहिजेत हे मला मान्य आहे, परंतु बसायचे नसेल तर इतक्या रुंद पायऱ्या बांधण्याचे प्रयोजन काय, हे त्या गृहस्थाला विचारण्याइतके इटालियन आमच्यापैकी कोणालाच येत नव्हते. चिवडा आम्ही चालता चालता खाल्ला. पोह्याचा चिवडा चालताना खाणे ही स्वतंत्र कसरत आहे; त्यातला निम्मा रोमच्या कबुतरांना पोचला.

या शहरात फुकट मिळाले ते पाणी. रस्तोरस्ती 1874 पासून लोखंडी नळ उभे आहेत आणि त्यांतून थंडगार पाणी अखंड वाहत असते. तोटीला बोट लावून बंद केली की वरच्या छिद्रातून कारंजे उडते. मेव्हणे प्रत्येक नळाशी थांबून हा प्रयोग करत आणि आम्ही तेवढ्यात एकमेकांना टेकून घेत असू. त्रेव्हीच्या कारंज्यात पाठमोरे उभे राहून नाणे टाकले की माणूस रोमला पुन्हा येतो, असे म्हणतात. आमच्यापैकी कोणी टाकले नाही.

साडेपाचला भुकेने जीव कासावीस झाला, तर चांगली म्हणून ऐकलेली खाणावळ साडेसातशिवाय उघडणार नव्हती. उघडली तेव्हा दारात पहिले आम्ही होतो. जेवण काय होते हे मी फार लक्षपूर्वक पाहिले नाही. नूडल्ससारखे लांब काहीतरी होते, त्यावर चीज आणि मिरपूड होती, आणि रस्सा नव्हता. मिसळीबरोबर हवा तितका रस्सा गृहीत धरणाऱ्या मेव्हण्यांनी खुणेने तो मागून पाहिला, तेव्हा वेटरने चीज वाढवले. न मागता आलेल्या पावाचे पैसे लागतील आणि पाण्याच्या बाटलीचेही लागतील, हे मेनूतल्या बारीक अक्षरांत होते. पण खुर्चीला पाठ होती.

इथे एक मोलाची गोष्ट समजली. इटलीत गिऱ्हाईक मागत नाही तोवर बिल आणून ठेवणे असभ्य मानतात. रविवारी सकाळी मिसळीच्या टेबलाशी आपल्या खुर्चीमागे पुढचे कुटुंब उभे राहून आपले घास मोजत असते, त्या गावच्या माणसांना या रिवाजाचे महत्त्व पटायला वेळ लागला नाही. आम्ही बिल मागितलेच नाही. ताटल्या गेल्या, शेजारची दोन टेबले बदलली, वहिनींनी टेबलाखाली चपला काढल्या. पावाच्या पैशांना बसलेल्या मिनिटांनी भागल्यावर खुर्ची सकाळच्या कॉफीपेक्षा स्वस्त पडते, असे मेव्हण्यांनी कागदी रुमालावर सिद्ध करून दाखवले आणि दर आणखी खाली यावा म्हणून ते पुन्हा मागे रेलून बसले.