आकडा चढला तर ऐकायचं: एका प्रतिक्रियेला उत्तर

सिस्टर, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. एअर ॲम्ब्युलन्समध्ये व्हेंटिलेटरवरच्या पेशंटची भूल किती खोल आहे हे कळायला कपाळावर बीआयएसची पट्टी हवीच, असं मी लिहिलं होतं. (ही पट्टी मेंदूच्या लहरींवरून 0 ते 100 मधला आकडा देते; माणूस जितका जागा, तितका आकडा चढा.) तुमचं म्हणणं, इंजिनाच्या थरथरीत तो आकडा खोटा येतो, आणि लातूरच्या आयसीयूत पंधरा वर्षं काढलेल्याला नाडी, बीपी आणि डोळ्यांतलं पाणी पुरतं.

पहिला मुद्दा मान्य. थरथरीनं, कपाळाच्या स्नायूंच्या हालचालीनं आकडा उगाच चढतो. केटामीन हे भुलीचं औषध दिलं तर पेशंट गाढ असूनही चढतो. उलटी फसगत त्याहून वाईट, आणि ती मी लेखात सांगायलाच हवी होती. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगात 10 स्वयंसेवकांना भूल न देता फक्त रिलॅक्संट, म्हणजे स्नायू लुळे करणारं औषध दिलं. सगळ्यांचा आकडा उतरला. काहींचा तर 40 ते 60 मध्ये, म्हणजे ऑपरेशनच्या भुलीइतका. एका हाताला आधीच कफ आवळून औषध तिकडं जाऊ दिलं नव्हतं, तेवढ्या हातानं ते जागे असल्याचं सांगत होते. म्हणून "45 आहे, झोपलाय" म्हणत औषधाच्या पंपाकडं पाठ फिरवायची नाही.

पण सिस्टर, नाडी-बीपीवर तुमच्याइतका भरवसा मला ठेवता येत नाही. चिकलठाण्याहून मुंबईला एक बाई नेत होतो. न्यूमोनिया, बीपी धरून ठेवायला नॉरॲड्रेनॅलिन चालू, व्हेकुरोनियम हे रिलॅक्संट दिलेलं. नाडी निघाल्यापासून 118, वर गेल्यावरही 118. डोळे मायक्रोपोर टेपनं बंद केलेले, पाणी दिसणार कुठून? आकडा मात्र 46 वरून 74 वर गेला. आधी मलाही थरथरच वाटली. तरी हात पंपापासून नळीवर फिरवत नेला, तर स्ट्रेचरच्या पट्ट्याखाली मिडाझोलॅम-फेंटानिलची, म्हणजे भुलीच्या औषधांची नळी चिमटलेली. पंप ओरडत होता, पण इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू येणार? पट्टा सैल केला, औषधाचा डोस दिला, तिच्या कानाशी वाकून सांगितलं, "ताई, विमानात आहात, आम्ही जवळच आहोत." तिला ऐकू गेलं का, मला माहीत नाही.

तुम्ही मण्यार चावलेले पेशंट सांभाळले असतीलच. विषानं स्नायू लुळे पडतात, पापणी उचलत नाही, बाहुलीसुद्धा हलत नाही. नातेवाईक आशा सोडतात आणि आत माणूस सगळं ऐकत असतो. त्याच्याशी बोलत बोलतच तुम्ही सक्शन करता ना? रिलॅक्संट चालू असताना भुलीचं औषध थांबलं तर आपण आपल्या हातानं तीच अवस्था आणतो. विमानात तर तो उचलून ठेवलेला, बांधलेला, कान फुटतील अशा आवाजात.

म्हणून माझा हिशेब असा: आकडा चढला तर तो खरा धरायचा आणि आधी नळी तपासायची. उतरलेला असला तर त्यावर विसंबायचं नाही. पेशंट विमानात चढवून झाला की पंपापासून शिरेपर्यंत नळीवर बोट फिरवायचं, भुलीचं औषध चालू आहे हे बघायचं, मगच रिलॅक्संटचा पुढचा डोस. हे पट्टी असो-नसो करायचं. आपल्याकडच्या कितीतरी ठिकाणी ती नसतेच.

लेखातलं "पट्टीशिवाय उडूच नये" हे वाक्य आज काढलं. त्या जागी नळीवर बोट फिरवण्याचं लिहिलंय, आणि मण्यारीच्या पेशंटचंही.