सोडा-व्हिनेगरचा फेस येतो, तेव्हा दोघांची ताकद संपत असते

सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सफाईचा एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा: ‘व्हिनेगर हे आम्ल, खायचा सोडा हा क्षार. दोन्ही एकत्र केले की दोघांची ताकद मिळते. फेस जितका जास्त तितकी सफाई जास्त. अर्धी वाटी सोडा आणि एक वाटी व्हिनेगर मोरीत ओता, वर झाकण ठेवा. दाबाने आणि उष्णतेने तुंबलेलं तेल वितळून वाहून जातं. उरलेलं बाटलीत भरून नळ, ओटा, फरशी, टॉयलेट सगळ्याला वापरा. जंतू मारायचे तर थोडं ब्लीच घाला. सगळं नैसर्गिक आहे, केमिकल नाही.’

यातलं एकेक वाक्य तपासण्यासारखं आहे, कारण काही वाक्यांनी फक्त व्हिनेगर वाया जातं, पण बाटलीत भरायच्या आणि ब्लीच घालायच्या सल्ल्याने माणूस दवाखान्यात जाऊ शकतो.

‘आम्ल आणि क्षार एकत्र, म्हणून दोघांची ताकद’

आधी शब्दाचा घोळ सोडवू. मराठी शाळेच्या पुस्तकांत आम्लाच्या विरुद्ध बाजूला असतं ते आम्लारी, आणि पाण्यात विरघळणारं आम्लारी म्हणजे अल्क. क्षार हा शब्द तिथे तिसऱ्याच गोष्टीसाठी आहे: आम्ल आणि आम्लारी एकमेकांत जिरल्यावर जे उरतं तो क्षार. हिंदीत मात्र अल्कालाच क्षार म्हणतात, आणि असले संदेश बहुधा तिकडून उतरलेले असतात. शाळेतल्या व्याख्येने खायचा सोडा स्वतःच एक क्षार आहे; त्याचं पाणी किंचित अल्कधर्मी असतं एवढंच.

आता व्हिनेगरमध्ये सोडा पडला की काय होतं ते पाहा. व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल आणि सोड्यातलं बायकार्बोनेट एकमेकांना खाऊन टाकतात. उरतं पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि सोडियम ॲसेटेट नावाचा क्षार. याला उदासिनीकरण म्हणतात, आणि हा शब्द अगदी नेमका आहे. व्हिनेगर चुनकट, म्हणजे नळावर बसणारा पांढरा थर, विरघळवू शकत होतं, कारण त्याचा सामू (पीएच; जितका कमी तितकं आम्ल जोरकस) अडीचच्या आसपास होता. तो सामू गेला की ते कामही गेलं. सोडियम ॲसेटेटच्या पाण्याने ना चुनकट निघतं, ना तेल.

माप मांडलं की हे आणखी स्पष्ट होतं. बाजारातलं साधं व्हिनेगर चार ते पाच टक्क्यांचं असतं, चार धरू. दीडशे मिलिलिटरच्या वाटीत ६ ग्रॅम आम्ल आलं. ते पूर्ण संपवायला सोडा लागतो ८.४ ग्रॅम, म्हणजे दोन लहान चमच्यांपेक्षाही कमी. संदेशातला अर्धी वाटी सोडा भरतो साधारण ७५ ग्रॅम. तेवढा सगळा सोडा वापरला जायला सुमारे १.३ लिटर व्हिनेगर लागेल. म्हणजे त्या प्रमाणात व्हिनेगर पूर्ण मरतं, ८ ग्रॅमच्या आसपास सोडियम ॲसेटेट तयार होतं आणि ६५ ग्रॅमच्या वर सोडा तसाच राहतो. १०० मिलिलिटर पाण्यात खायचा सोडा जेमतेम ९-१० ग्रॅम विरघळतो, त्यामुळे उरलेल्यातला बहुतेक सोडा ओल्या पिठासारखा पाइपच्या वळणात जाऊन बसतो. आधीच तुंबलेल्या मोरीत आपण आणखी गाळ टाकलेला असतो.

ज्यांना डोळ्यांनी पाहायचं आहे त्यांनी लाल जास्वंदीच्या पाच-सहा पाकळ्या अर्धा कप गरम पाण्यात दहा मिनिटं ठेवाव्यात. हे पाणी उत्तम दर्शक आहे: आम्लात गडद गुलाबी, अल्कात हिरवट. मोठ्या ग्लासात ५० मिलिलिटर व्हिनेगर घ्या, त्यात चमचाभर जास्वंदीचं पाणी टाका. त्यातच अंड्याच्या कवचाचा तुकडा सोडा. कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, नळावरच्या पांढऱ्या थराचाच भाऊ. त्याच्या अंगावर थोड्या वेळात बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतील. आम्ल कामाला लागलं. मग सोडा चिमूट-चिमूट घालत जा. दर चिमटीला फेस वर येतो आणि बसतो. सुमारे २.८ ग्रॅम, म्हणजे अर्ध्या चमच्याहून थोडा जास्त सोडा गेला की नवी चिमूट फसफसत नाही आणि गडद गुलाबी रंगही उडालेला असतो. आता कवच बाहेर काढा, स्वच्छ पुसा आणि पुन्हा त्याच पाण्यात ठेवा. त्याच्यावर नवे बुडबुडे धरत नाहीत. आम्ल शिल्लकच नाही.

‘फेस म्हणजे सफाई’

फेस म्हणजे फक्त सुटणारा वायू. ढोकळ्यात तोच आपल्याला हवा असतो. फ्रूट सॉल्टमध्ये खायचा सोडा आणि सायट्रिक आम्ल असतं ते त्यासाठीच. पीठ फुगलं, जाळी पडली, काम झालं. मोरीत वायूचं काही काम नाही. सैल बसलेली धूळ-माती फेसाने थोडी हलते, हे मान्य. पण तेवढ्यासाठी नळाची धार पुरते.

‘दाब आणि उष्णता’

दोन्ही चूक. वाटीभर व्हिनेगरमधून निघणारा वायू अडीच लिटरच्या आसपास असतो आणि मोरी वरून उघडी असते. वायू सगळ्यात सोप्या वाटेने जातो, म्हणजे वर. वर ठेवलेलं झाकण काही घट्ट बसत नाही. आणि दाबून धरलंच, तर खालून मेणचट गोळा सरकण्याऐवजी झाकणाच्या कडेने पाणी उडतं.

उष्णतेचं तर उलटच आहे. ही अभिक्रिया उष्णता घेते. स्वयंपाकाचा किंवा तापाचा थर्मामीटर नसला तरी चालेल, स्टीलच्या भांड्यात सोडा-व्हिनेगर मिसळा आणि बाहेरून हात लावा. भांडं गार लागतं. गार पाण्यात तूप-तेल थिजतं.

तेल खरोखर सोडवायचं तर अल्क जरा जोरकस हवं, आणि त्यासाठी धुण्याचा सोडा आहे. नावात सोडा असला तरी ही वेगळी वस्तू. खायच्या सोड्याच्या पाण्याचा सामू ८.३ च्या जवळपास राहतो. धुण्याच्या सोड्याचा, अगदी एक टक्का द्रावणातही, ११ च्या पुढे जातो. सामूचा एक अंक म्हणजे दहा पट, तेव्हा हा फरक शेकडो पटींचा आहे. किराणा दुकानात तो स्वस्तात मिळतो. जर्मनच्या भांड्यांना मात्र तो लावू नका. ॲल्युमिनियम काळं पडतं आणि झिजतं.

तुंबलेल्या सिंकचं काम असं करा. खाली बादली ठेवा. बॉटल ट्रॅपचा, म्हणजे सिंकखालच्या बाटलीसारख्या भागाचा, खालचा पेला हाताने फिरवून सोडवा. पान्ह्याने आवळून-सोडवून प्लास्टिकचे आटे जातात. आतला भाताचा, चहाच्या चोथ्याचा आणि तुपाचा गोळा काडीने काढा, पेला घासून धुवा. परत लावताना रबरी वायसर खाचेत सपाट बसला आहे ना ते पाहा. तो दुमडला किंवा कडक झाला असेल तर थेंब-थेंब गळती सुरू होते. पुण्यातल्या बोहरी आळीत किंवा कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे नवा मिळतो. बाथरूमच्या नहाणी ट्रॅपमध्ये बहुतेक वेळा केस आणि साबणाचा चिकटा असतो, आणि केसांवर सोडा-व्हिनेगरचा काहीही परिणाम होत नाही. जाळी उचला, आत उलटी वाटी असेल तर ती काढा, हातमोजा घालून गुंता ओढून काढा. वाटी परत बसवायला विसरू नका, नाहीतर पाण्याचा अटकाव जातो आणि गटाराचा वास घरात येतो.

त्यानंतर पाइपच्या आतल्या तेलकट थरासाठी एक लिटर गरम पाण्यात ३० ग्रॅम, म्हणजे दोन मोठे चमचे, धुण्याचा सोडा विरघळवून सावकाश ओता, वीस मिनिटं थांबा, मग भरपूर पाणी सोडा. हातमोजे हवेतच. उकळतं पाणी थेट ओतू नका, पीव्हीसीचा पाइप नरम पडतो आणि सांधे ढिले होतात. अर्धा लिटर उकळतं आणि अर्धा लिटर नळाचं पाणी मिसळलं की साधारण ६० अंश येतात. तेवढे पुरतात.

‘नळाला, ओट्याला, फरशीला, सगळ्याला’

नळावरचा पांढरा थर ही पुण्यात घरोघर सारखी अडचण नाही. खडकवासला साखळीतल्या धरणांचं पाणी बरंच मृदू असतं. वाघोली-उंड्रीकडच्या ज्या सोसायट्या बोअरवर आणि टँकरवर चालतात, तिथे पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमची बायकार्बोनेटं जास्त असतात. पाणी तापलं किंवा वाळलं की त्यांतून कार्बोनेट बाहेर पडतं आणि गीझरच्या कॉइलवर, शॉवरच्या भोकांत, नळाच्या तोंडाशी बसतं. (याच पाण्याला आपण ‘क्षाराचं पाणी’ म्हणतो, आणि इथे हा शब्द बरोबर आहे.)

हा थर आम्लानेच निघतो. एक वाटी व्हिनेगर हिशोबाने ५ ग्रॅम चुनकट विरघळवू शकतं. सोडा घातलात की ती क्षमता शून्यावर येते. म्हणून नुसतं व्हिनेगर घ्या, किंवा त्याहून बरं म्हणजे लिंबूसत्त्व (सायट्रिक आम्ल): १०० मिलिलिटर कोमट पाण्यात एक लहान चमचा, ५ ग्रॅम. ताकद तेवढ्याच व्हिनेगरपेक्षा थोडी जास्त आणि घरभर वास नाही. सुती फडकं भिजवून नळाला गुंडाळा, अर्ध्या तासाने काढा, जुन्या टूथब्रशने घासा, स्वच्छ धुवा. थर जाड असेल तर पुन्हा अर्धा तास. रात्रभर गुंडाळून ठेवलं तर क्रोमचा मुलामा खराब होतो. किटलीत लिंबूसत्त्व घालून खळखळ उकळू नका. कॅल्शियम सायट्रेट गरम पाण्यात कमी विरघळतं आणि एका थराच्या जागी दुसरा बसतो.

फरशीचं आणि ओट्याचं प्रकरण गंभीर आहे, कारण तिथे झालेलं नुकसान भरून येत नाही. जुन्या वाड्यांतली आणि चाळींतली शहाबादी फरशी म्हणजे चुनखडीचा दगड. कडप्पाचा काळा ओटाही चुनखडीच. संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेट. नळावरचा थर ज्या कारणाने विरघळतो, त्याच कारणाने यांची झिलईही विरघळते. कडप्प्यावर कापलेलं लिंबू उपडं राहिलं की जो फिकट गोल उठतो तो डाग नाही, तो खाल्ला गेलेला दगड आहे. घासून जाणार नाही, पॉलिशच करावं लागतं.

रंगावरून दगड ओळखू नका. ज्यात पुण्याचं पाताळेश्वर लेणं कोरलं आहे तो आपला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, आणि त्याच्यावर लिंबाचा परिणाम दिसत नाही; कडप्पाही काळाच, पण त्याच्यावर दिसतो. ओट्याच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब पाच मिनिटं ठेवून पुसा. जागा निस्तेज झाली तर त्या ओट्याला आम्ल कधीच लावायचं नाही. तिथे भांड्याच्या साबणाचे दोन थेंब बादलीभर पाण्यात घालून पुसणं पुरे. ग्रॅनाइट आणि व्हिट्रिफाइड टाइल्सना ही भीती नाही.

खायच्या सोड्याला स्वतःचं काम आहे: कपातले चहाचे डाग, मिक्सरच्या भांड्यातला वास. ओल्या फडक्यावर घेऊन घासा. नंतर आम्ल वापरायचं असेल तर मध्ये पाण्याने धुवून टाका.

‘बाटलीत भरून ठेवा’

पाव लिटर व्हिनेगरमध्ये १४ ग्रॅम, म्हणजे तीनेक लहान चमचे, सोडा पडला तर सुमारे चार लिटर वायू निघतो. अर्धा लिटरच्या बाटलीत त्याला जागा उरते पाव लिटर. बूच घट्ट लावलं तर बाटली फुटते, आणि ती काचेची असेल तर डोळ्यांपर्यंत काच उडते. पूर्ण फसफसून झाल्यावर भरली तर फुटणार नाही, पण मग आत सफाईचं काही उरलेलंही नसतं. ज्यांनी भरून ठेवली आहे त्यांनी ती गॅलरीत नेऊन, तोंड स्वतःपासून लांब धरून, बूच अर्ध्या आट्याने सैल करून वायू सुटू द्यावा आणि मोरीत ओतून टाकावी.

‘नैसर्गिक आहे, ब्लीच घातलं तरी चालेल’

साधं पांढरं व्हिनेगर म्हणजे बहुतेक वेळा पाण्यात पातळ केलेलं ॲसेटिक आम्ल. खायचा सोडाही कारखान्यातच तयार होतो. मीठ आणि चुनखडीपासून सोडा करायची जी पद्धत बेल्जियमच्या अर्नेस्ट सोल्व्हेने १८६१ मध्ये शोधली, ती आजही चालते. दोन्ही चांगल्या वस्तू आहेत. पण नैसर्गिक म्हणून कशातही चालतील, असं नाही.

लिक्विड ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असतं. त्यात आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगरने सुटतो, लिंबूसत्त्वाने सुटतो, आणि टॉयलेट क्लीनरने सगळ्यात जोरात, कारण बऱ्याच टॉयलेट क्लीनरमध्ये सुमारे १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. पुण्यातली बाथरूम लहान, खिडकी वीतभर. तिथे थोडा क्लोरीनही छातीत भरतो. सोडा घालून ‘आधीच उदासीन केलंय’ यावर विसंबू नका. चमच्याच्या मापात आम्ल थोडं जरी उरलं तरी वायू सुटतो.

डोळे-घसा चुरचुरला की हातातलं टाकून लगेच बाहेर पडा, दार उघडं ठेवा, घरच्यांना बाहेर काढा. वाकून पाणी ओतायला किंवा काय झालं ते बघायला परत आत जाऊ नका. खोकला थांबत नसेल, छाती आवळल्यासारखी वाटत असेल किंवा घरात दम्याचं माणूस असेल तर थेट दवाखाना गाठा. आम्ल अंगावर उडालं तर त्यावर सोडा चोळायचा नाही. कपडे काढून वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरायचं. डोळ्यात गेलं तर पापण्या बोटांनी उघड्या धरून तेवढाच वेळ पाणी मारत राहायचं, आणि दवाखान्यात जाताना ती बाटली सोबत न्यायची.