अगं, रेसिपीचं चॅनेल काढ की!

आज सकाळी शाळेच्या ग्रुपवर उत्साहाने टाकलं, की मी व्हिडिओ चॅनेल सुरू करतेय. आपल्याकडच्या न गाजलेल्या संगीतावर. रॉक, इलेक्ट्रॉनिक, घरात बसून रेकॉर्ड केलेल्या कॅसेटी, असलं सगळं, आणि सगळं मराठीतून. लगेच उत्तर आलं, "अगं, रेसिपीचं चॅनेल काढ की! तुझ्या हातची भरली वांगी लोक बघतील तरी." त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. एकीने तर मसाल्याचं प्रमाणही विचारलं.

भरली वांगी मला येतात. चांगली येतात. पण पंचेचाळिशीतल्या बाईने कॅमेऱ्यासमोर बसायचं तर पुढ्यात कढईच हवी, हे कुणी ठरवलं? हेच वर्गातल्या एखाद्या मुलाने टाकलं असतं तर "वा, दर्दी माणूस" म्हणाले असते. दुपारपर्यंत डोकं तापलेलंच होतं, म्हणून इथे लिहितेय. इथले तुम्ही बरेचसे माझ्याच जातकुळीतले, तुम्हाला फार समजवावं लागणार नाही.

ठाण्यात आमच्या घराजवळ कॅसेट भरून देणारे एक काका होते. आपण गाण्यांची यादी न्यायची, ते नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट भरून द्यायचे. यादी संपली तरी दुसऱ्या बाजूला, म्हणजे बी साइडला, शेवटी पाच-सहा मिनिटं उरायची. त्यात काका स्वतःच्या मनाचं काहीतरी भरायचे. न विचारता, आणि आतल्या कागदावर नावही न लिहिता. माझी आशा-किशोर संपली की एकदम गिटार कडाडायची, नाहीतर कुणीतरी गोव्याच्या ठसक्यात इंग्रजी गायला लागायचा. आई म्हणायची, कॅसेट बिघडलेली दिसतेय. मी मात्र त्या शेपटासाठी अख्खी बी साइड ऐकायचे.

तो गोव्याचा आवाज गायक रेमो फर्नांडिसचा, हे कळायला कॉलेज संपावं लागलं. १९८४ मध्ये शिवोलीतल्या आपल्या घरी, चार ट्रॅकच्या छोट्या यंत्रावर, वाद्यं स्वतःच वाजवून त्याने 'गोअन क्रेझी' ही कॅसेट रेकॉर्ड केली होती. आणि मग स्कूटरवर टाकून कॅसेटी दुकानोदुकानी स्वतः पोचवल्या. लोकांना आठवतो तो सिनेमातला रेमो. मला हा स्कूटरवाला जास्त आवडतो.

आता चरणजित सिंग. किती जणांनी नाव ऐकलंय? हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा मुंबईचा वादक. १९८२ मध्ये या माणसाने रोलँड कंपनीची तीन यंत्रं, एक सिंथेसायझर, एक बेसचं आणि एक तालाचं, एकत्र जोडली आणि त्यावर दहा राग वाजवले. ललित, तोडी, यमन, मालकंस. खाली डिस्कोचा ठेका. रेकॉर्ड निघाली, खपली नाही, विषय संपला. पुढे १९८७ मध्ये शिकागोतून 'ॲसिड हाउस' नावाचं जे नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत बाहेर पडलं, त्यात हेच बेसचं यंत्र आणि थेट असाच आवाज! शिकागोवाल्यांनी आपली रेकॉर्ड ऐकली होती असं नाही, ते त्यांचं ते पोचले, मान्य. पण पाच वर्षं आधी मुंबईत हे वाजलं होतं, आणि ते आपल्याला सांगितलं कुणी? एका डच माणसाने. २००२ मध्ये त्याला ती रेकॉर्ड दिल्लीत जुन्या मालात सापडली, त्याने सिंगसाहेबांना शोधून काढलं आणि २०१० मध्ये ती पुन्हा छापली. मग म्हातारपणी त्यांना युरोपात बोलावणी आली. २०१५ मध्ये ते गेले. राहायचे मुंबईतच. आपल्यातल्या कुणालाही लोकलचं तिकीट काढून त्यांना भेटता आलं असतं!

याचाच मला राग येतो. बाबूजींच्या एकेका गाण्यामागचा किस्सा आपल्याला पाठ असतो. असावाच, मलाही आहे. पण त्यापलीकडे काही वाजलं की लगेच "हे आपलं नाही". १९८८ मध्ये मुंबईच्या रॉक मशीन या बँडने स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला, १९९३ मध्ये हाच बँड इंडस क्रीड झाला. गिटारवर महेश तिनईकर. हेही आपलं नाही?

बरं, ते इंग्रजीत गायचे, आणि त्या काळच्या बऱ्याच बँडची बरीच गाणी परदेशी गाण्यांच्या झेरॉक्सच होत्या. कबूल. पुढे.

माझा दादा मुंबईत धोबी तलावच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात जायचा, १९८६ पासून तिथे 'इंडिपेंडन्स रॉक' हा रॉक बँडचा महोत्सव व्हायचा. घामाने भिजून शेवटच्या लोकलने परत यायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याचा घसा बसलेला असायचा. मला परवानगी नव्हती. "तिथे मुली जात नाहीत," एवढंच कारण. पुढे रंगभवन शांतता क्षेत्राच्या नियमात अडकलं आणि तिथले कार्यक्रमच बंद झाले. शेजारी हॉस्पिटल आहे, ते मला कळतं. पण माझं ऐकायचं राहिलं ते राहिलंच. माझ्या वाट्याला काकांची ती उरलेली पाच मिनिटं आली, आणि खरं सांगायचं तर मला तेवढी पुरली. एकदा धीर करून विचारलं होतं, "काका, शेवटी हे काय भरता?" मान वर न करता म्हणाले, "जागा उरते. कोरी कशाला सोडायची?" लिहिता लिहिता आत्ता राग उतरला बघा.

एक अडचण आहे. आपल्या कायद्यात रेकॉर्डिंगचा हक्क, म्हणजे कॉपीराइट, प्रसिद्धीनंतर साठ वर्षं चालतो. म्हणजे १९८२ ची रेकॉर्ड २०४२ संपेपर्यंत कुणाच्या तरी मालकीची. चाचणी म्हणून एका जुन्या कॅसेटचा छोटा तुकडा चढवला, तर लगेच हक्काची नोटीस. कलाकाराला पैसे मिळावेत, यात वादच नाही. पण जी कॅसेट मालक स्वतः पुन्हा काढत नाहीत, तिच्याबद्दल बोलताना तिचा आवाजही ऐकवायचा नाही? हे लिहिताना पुन्हा तापले. तर मी गाणी वाजवणार नाही, सांगणार आहे. जमलं तर एखादी ओळ गुणगुणेन, आवाज माझा आहे, त्यावर अजून कुणाचा हक्क नाही.

पहिला भाग चरणजित सिंग यांच्यावर, रविवारी. बघा किंवा नका बघू, पण एक काम करा. घरात माळ्यावर जुन्या कॅसेटी असतील, बँडच्या, कॉलेज फेस्टिव्हलच्या, कुणा मामाने घरी रेकॉर्ड केलेल्या, तर भंगारवाल्याला देऊ नका. मला निरोप पाठवा, ठाणे ते डोंबिवली मी स्वतः येऊन नेईन. बुरशी आलेली असली तरी चालेल. फक्त त्या लावून बघू नका, बुरशी प्लेअरच्या हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, लागते आणि मग पुढची चांगली कॅसेटही खराब होते.