डोंगर २२७ मीटरचा, बैल सात जातींचे

इंग्लंडातल्या चेशरमधली 'सँडस्टोन ट्रेल' ही पायवाट फ्रॉडशमपासून व्हिटचर्चपर्यंत ५५ किलोमीटर जाते. तिच्यावरचा सगळ्यात उंच माथा म्हणजे रॉ हेड, उंची २२७ मीटर. हा आकडा ऐकला की १६४६ मीटरचं कळसूबाई करून आलेला मराठी माणूस मिशीतल्या मिशीत हसतो. मँचेस्टर-लिव्हरपूलकडच्या आपल्या मंडळींच्या चेहऱ्यावरचं हे हसू माझ्या चांगल्या ओळखीचं आहे. ते पहिल्या शेतापर्यंत टिकतं.

माझं म्हणणं असं की, या वाटेवर डोंगर हा विसावा आहे. जीव जातो तो दोन डोंगरांच्या मधे. टेकड्या वालुकाश्माच्या, वीस कोटी वर्षांहून जुन्या, लोहामुळे लाल झालेल्या. त्यांच्यात पाणी मुरतं, म्हणून पाऊस थांबला की वरची वाट लवकर सुकते. खालच्या सपाटीवर मात्र हिमयुगातल्या बर्फाने आणून टाकलेली चिकणमाती आहे. तिच्यात पाणी मुरत नाही, गवत छान उगवतं, गवतावर गाई पोसतात, आणि गाईंना एवढ्या मोठ्या शेतात उभं राहायला नेमकं फाटकच आवडतं. सहा-सातशे किलोचं जनावर रोज त्याच जागी खूर रोवतं, खुरांच्या खड्ड्यांत पाणी साचतं, आणि तिथूनच सरकारमान्य पायवाट जाते.

नवखा माणूस अशा वेळी कडेकडेने जातो. कडेला खाजकुयलीची इंग्रज मावसबहीण, नेटल, उभीच असते, आणि तिच्या मागे काटेरी तार. शिवाय सगळे कडेने गेले की चिखल रुंद होतो. म्हणून गेटर्स, म्हणजे बुटावरून पोटरीपर्यंतची आवरणं, चढवावीत आणि सरळ मधून जावं. पाऊल सपाट टाकायचं आणि काढताना आधी टाच उचलायची. चवडा आधी उचलला तर पाय येतो, बूट राहतो.

आता फाटक. किसिंग गेट हे नाव ऐकून नवविवाहित जोडपी उत्साहाने पुढे होतात. हा खरं तर गाईंना अडवायला केलेला सापळा आहे: अर्धगोल कठडा, आणि त्याच्या दोन टोकांमधे झुलणारी झडप. झडप ढकलायची, कठड्याच्या पोटात कोपऱ्यात शिरायचं, झडप आपल्या पोटावरून मागे फिरवायची आणि पलीकडून निघायचं. माणूस यात बरोबर मावतो, पाठीवरची चाळीस लिटरची सॅक मावत नाही. सॅक घेऊन शिरलेल्याला ना झडप पुढे नेता येते ना मागे, आणि पलीकडे थांबलेलं वयस्क इंग्रज जोडपं हवामानावर बोलायला सुरुवात करतं. सॅक आधी काढावी, कठड्यावरून पलीकडे टेकवावी, मग स्वतः जावं. एका वेळी एकानेच. 'चल, दोघं मावू' म्हणणाऱ्याचं ऐकू नये.

जिथे फाटक नाही तिथे स्टाइल, म्हणजे कुंपणात बसवलेल्या दोन लाकडी पायऱ्या. लाकडावर शेवाळ असतं. चढताना काही होत नाही; उतरताना पाठ कुंपणाकडे करून ऐटीत उडी मारणाऱ्यांचं होतं. शिडी उतरतो तसं तोंड कुंपणाकडे ठेवावं आणि खांब धरावा, तार नव्हे.

एवढं पार पडलं की शेतात बैल. इंग्रजांचा कायदा इथे फार रसाळ आहे. १९८१च्या वन्यजीव आणि ग्रामीण प्रदेश कायद्याप्रमाणे, सार्वजनिक पायवाट जाते त्या शेतात दहा महिन्यांवरचा दुभत्या जातीचा बैल मोकळा ठेवायला बंदी आहे. अशा जाती सात: आयरशर, ब्रिटिश फ्रिजियन, ब्रिटिश होल्स्टीन, डेअरी शॉर्टहॉर्न, गर्न्सी, जर्सी आणि केरी. इतर जातीचा बैल चालतो, पण गाई किंवा कालवडींच्या सोबत असला तरच. थोडक्यात, सहकुटुंब असेल तर परवानगी, सडाफटिंग असेल तर नाही. आता समोर काळाकुट्ट बैल उभा आहे. तो केरी असेल तर बेकायदा, अँगस, म्हणजे मांसासाठीच्या जातीचा, असेल आणि बायकापोरांसह असेल तर कायदेशीर. जात ठरवायला किती जवळ जायचं, हे कलमात लिहिलेलं नाही.

खरी भीती मात्र वासरांसोबतच्या गाईंची बाळगावी. गाय आणि वासरू यांच्या मधून जायचं नाही, लांबून वळसा घालायचा, पळायचं नाही. कुत्रा असेल तर दोरी आखूड धरायची. पण गाय अंगावर आलीच तर दोरी सोडून द्यायची. तिचा राग कुत्र्यावर असतो आणि कुत्रा आपल्यापेक्षा जोरात पळतो. तरणे गोऱ्हे घोळक्याने मागे येतात ते निव्वळ चौकशीखातर. त्यांच्याकडे वळून हात पसरले की थबकतात. पाठ फिरवली की पुन्हा निघतात. शेत संपेपर्यंत ही वरात चालू राहते.

डोंगरावर पोचलात की सुटलात, पण सह्याद्रीच्या सवयी खाली ठेवून या. आपला कातळ बेसॉल्टचा, कोरडा असला की बूट घट्ट धरतो. वालुकाश्म कोरडा असताना वाळू सोडतो, तिच्यावरून पाय घसरतो. ओला असताना सावलीतल्या दगडावर हिरवा बुळबुळीत थर असतो. भिजला की दगड कमकुवतही होतो, म्हणून खडकाच्या कडेला धरून अंग वर ओढू नये, कड हातात येते. लाकडी फळ्यांच्या पायऱ्यांमागची वाळू वाहून गेलेली असते, तेव्हा फळी पायरी राहत नाही, अडथळ्याची शर्यत होते. रॉ हेडजवळ वाट कड्याच्या अगदी काठाने जाते. शरद ऋतूत बीच नावाच्या झाडांच्या पानांखाली मुळं लपतात. तिथे नजर पायाशी ठेवावी आणि फोटो उभं राहून काढावा.

खुणेसाठी पिवळ्या चकतीवर काळं पाऊल आणि त्यात 'एस' अक्षर असतं. साधा पिवळा बाण म्हणजे कुठलीही सार्वजनिक पायवाट. तो कुणाच्या तरी गोठ्यामागेही नेतो, आणि तिथे जाण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क असतो. डेलमियरच्या जंगलात वाटांचा गुंता फार, तेव्हा ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशा संस्थेचे १:२५,००० चे नकाशे घ्यावेत, क्रमांक २६७ आणि २५७. वेळेसाठी १८९२ सालचा नेस्मिथचा नियम आहे: तासाला सुमारे ५ किलोमीटर, शिवाय दर १०० मीटर चढाईला १० मिनिटं. १८ किलोमीटर आणि ४०० मीटर चढ म्हणजे सव्वाचार तास. नेस्मिथ स्कॉटलंडचा. त्याच्या हिशेबात फाटकं नाहीत, बैलाची जातपडताळणी नाही. दीड तास वर धरा. डिसेंबरात चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि पबचं स्वयंपाकघर बरेचदा त्याआधीच बंद झालेलं असतं.

आणि मराठी माणसासाठी वेगळा अर्धा तास. वाटेत बीस्टनचा किल्ला दिसतो, १२२०च्या दशकात चेस्टरच्या अर्ल रॅनल्फने बांधायला घेतलेला. ट्रेल त्याच्या पायथ्याने शहाण्यासारखी निघून जाते. पण गड दिसला आणि चढला नाही, असं आपल्याकडून होत नाही. तिकीट काढायचं, चढायचं, शंभर मीटरहून खोल विहिरीत डोकावायचं. तिच्यात इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याचा खजिना असल्याची दंतकथा आहे. मग बुरुजांवर, म्हणजे रायगडावर, व्याख्यान होतंच.

याच बीस्टनजवळ वाट रेल्वेखालून जाते. दमलेला माणूस आशेने वर बघतो. स्टेशन होतं, १९६६ साली बंद झालं. गाडी डोक्यावरून धडधडत चेस्टरकडे जाते. डेलमियर सोडलं की ट्रेलवर पुढचं स्टेशन थेट व्हिटचर्चला, म्हणून मधल्या मुक्कामासाठी टॅक्सीचा नंबर सकाळीच, रेंज असतानाच, लिहून घ्यावा. फ्रॉडशमला कार ठेवून आलेल्यांना परत जायला क्रू आणि चेस्टर अशा दोन ठिकाणी आगगाडी बदलावी लागते. सॅकमधे कोरडे मोजे, हलक्या चपला आणि बुटांसाठी प्लॅस्टिकची जाड पिशवी ठेवावी. पिशवीला भोक नाही ना, हे घरीच बघून घ्यावं, कारण तो लाल चिखल सीटवरून निघत नाही आणि शेजारचा इंग्रज त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही, फक्त पेपर थोडा वर धरतो.