लॉट नंबर बघून घ्या

काडतुसांवरच्या लेखात म्हटलंय, हाताने भरलेल्या काडतुसात दारू तोलून पडते, म्हणून ती कारखान्याच्या मालापेक्षा एकसारखी. सेंटरफायरला, म्हणजे बुडाच्या मधोमध पेट घेणाऱ्या काडतुसाला, अगदी खरं. पण आमच्या रत्नागिरीतली पोरं .२२ची छोटी काडतुसं मारतात, त्यात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत असतो, घरी भरायचा प्रश्नच नाही. लेकीने एकाच कंपनीचे दोन लॉट, म्हणजे वेगवेगळ्या खेपेत बनलेली काडतुसं, ५० मीटरवर मारले. एकाची पाच भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली, दुसऱ्याची वर-खाली पसरली. रायफल तीच, हात तोच! निशाण्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटरचं. महिनाभर पोरीला वाटत होतं, आपलंच चुकतंय. रडायची हो. क्लबवाल्यांनो, आधी दोन-तीन लॉट मारून बघा, जमेल तोच एकदम उचला. आणि पावसाळ्यात डबे हवाबंद ठेवा, आपली दमट हवा पितळेलाही सोडत नाही.